ओल्या पानांवरचे पक्षी

१

तळ्याकाठच्या झुडपाखाली सात पक्षी मरून पडले होते, आणि त्यांच्याभोवती जमलेली शहाणी माणसं इतक्या मोठ्याने बोलत होती की बागेत जे काही जिवंत पक्षी होते तेही एव्हाना पसार झाले असावेत.

वसंताचे दिवस होते. उत्तरेकडे निघालेले पक्षी वाटेत शहरातल्या या बागेत उतरायचे, पोटभर खायचे आणि पुढे जायचे. त्यांना बघायला पक्षीमंडळाची माणसं रोज सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून हजर. काल संध्याकाळी माळ्याने याच झुडपांवर कीटकनाशक मारलं होतं, आणि आज इथे पक्षी मेलेले. मंडळाला आणखी विचार करायची गरजच उरली नव्हती.

"खून आहे हा, सरळ खून!" सर ओरडले. सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण वर्ग अजून संपला नव्हता.

माळी टोपी हातात घेऊन उभा होता. बागेचे साहेब इस्त्रीचा शर्ट सांभाळत झुडपापासून चार हात लांब थांबले होते. "फवारणीचा आदेश माझा आहे, नाकारत नाही," ते म्हणाले. "पण प्रमाणात. यानेच औषध जास्त घातलं असणार. तुम्ही लेखी तक्रार द्या, उद्या दुपारच्या बैठकीत याला काढून टाकतो."

माळ्याची नजर फाटकाकडे गेली. फाटकामागच्या दोन खोल्यांत त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन राहत होती. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, म्हणजे जाणारही नोकरीबरोबरच. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे तर सुकं बाजूलाच राहणार होतं आणि ओलं तेवढं जळणार होतं.

"लिहून द्यायला माणूस कशाला शोधायचं?" मंडळातला फोटोवाला म्हणाला. "आपल्याकडे पंचनामाबाई आहेत की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाई मागे उभ्या होत्या. उभा जन्म त्यांनी विमा कंपनीत काढला होता, जळालेली दुकानं आणि गोदामं तपासण्यात. आग आपोआप लागली की कुणी लावली, हे राखेत हात घालून सांगायच्या. पक्ष्यांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं. नवरा गेल्यावर घरात बसून काय करणार, म्हणून नणंदेबरोबर यायला लागल्या होत्या. नणंद मात्र मंडळाची जुनी जाणती. नवऱ्याची थोरली बहीण ती, म्हणून बाई त्यांना वन्सं म्हणत, आणि बाकी सगळे ताई. आजही वन्संनीच सगळ्यांना इकडे आणलं होतं. "तळ्याच्या बाजूला आज कुणीच बोलत नाहीये," असं त्या म्हणाल्या आणि मंडळ त्यांच्यामागून निघालं. वन्संच्या कानांची ख्याती तशीच होती. पानाआडचा पक्षी दुसऱ्याला दिसायच्या आत त्या त्याचं नाव सांगत.

"तुम्ही फक्त लिहून द्या," सर बाईंना म्हणाले. "फवारणीमुळे पक्षी मेले, आणि खाली सही. तुमच्या सहीला वजन आहे."

"मग आधी बघू दे तरी," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्याला शिव्या देत खाली बसल्या.

त्यांनी पक्ष्यांना हात लावला नाही. पक्ष्यांखालची वाळकी पानं उचलली. पानं ओली होती. शेजारची पानं चुरचुरीत कोरडी होती. ओलं पान त्यांनी नाकाला लावलं. औषधाचा वास नव्हता, कसलाच नव्हता. नुसतं पाणी.

एक पक्षी रुमालात गुंडाळून त्या उठल्या. उरलेले सहा मंडळातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासायला म्हणून भराभर पिशवीत भरले.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "पानं ओली का आहेत, ते कुणीतरी सांगेपर्यंत तरी नाही."

२

"पानं ओली असली तर तुझं काय बिघडतं गं वहिनी?" घरी आल्या आल्या वन्संनी विचारलं.

दोघी एकाच घरात राहत, पण खाली-वर. खाली वन्संची चूल, वर बाईंची. नवरा गेल्यावर वर्षभर एकत्र स्वयंपाक करून बघितला, आणि नातं टिकवायचं असेल तर चुली वेगळ्या हव्यात हे दोघींना न भांडता कळलं. चहा मात्र खालीच व्हायचा. वन्सं चहा गाळत होत्या. कपाच्या काठाशी आत बोट धरून त्या ओतत, आणि बोटाला चटका बसला की थांबत. बाईंना ही घाणेरडी सवय मुळीच आवडत नसे. पण थोरल्या नणंदेला बोट काढा म्हणणार कोण?

"पाणी कुठून आलं, हे कळायला नको?"

"औषधाचंच असेल."

"औषध काल संध्याकाळचं. आणि त्याला वास असतो. मागच्या वेळी फवारलं तेव्हा तुम्हालाच खोकला आला होता."

वन्संनी कप पुढे सरकवला. त्यांचा आवाज चढला. "किती वर्षं मी त्या साहेबाला सांगतेय? फवारू नका, किडे मारलेत तर पक्षी खाणार काय? दरवेळी हसतो. म्हणतो, औषधाने मेलेला एक तरी पक्षी दाखवा. आता सात आहेत! आणि तू पानं हुंगत बसलीस."

"माळ्याची नोकरी जाईल, वन्सं."

"नोकरी माळ्याची नाही, साहेबाची जायला हवी."

"हवी म्हणून जात नाही ती. माझ्या सहीने माळी जाईल. तिकडे तान्हं मूल आहे."

वन्सं खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. बाहेर कुठेतरी एक पक्षी दोनदा बोलला. "थिरथिरा आला," त्या पुटपुटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि बाईंना वाटलं की तो पक्ष्यांच्या दुःखाने उतरला असेल. रोजच्या माणसाकडे आपण कुठे नीट बघतो?

बाई चहा अर्धा टाकून उठल्या. उद्या दुपारपर्यंतच वेळ होता.

३

माळी खोलीच्या दारात बसला होता. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. बायको सामान बांधायलाही लागली होती. चार भांडी आणि एक पेटी बांधायला वेळ तो किती लागणार?

"झाकणभर औषध आणि टाकीभर पाणी," माळी म्हणाला. "दरवेळी तेवढंच. साहेबांनी दाखवलं तसं. बाई, मी कमी घालीन, जास्त कशाला घालू? माझ्याच नाकात जातं ते."

"सकाळी बागेत आधी कोण आलं?"

"रोजचेच. ताई अंधार असतानाच येतात, आवाज ऐकायला. मग सर, डॉक्टर, फोटोवाले. फाटक मी सगळ्यांना उघडतो, कुणाच्या पिशव्या बघत नाही."

जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना बागेसमोरच होता. एका कुत्र्याच्या कानात औषध घालता घालता ते बोलले. पक्षी तपासायला घेतले होते खरे, पण त्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मंडळात येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

"विषाची खूण काही दिसली नाही," ते अवघडून म्हणाले. "आणि डोळे फार खोल गेलेत. काल रात्री मेलेल्याचे असे जात नाहीत. पण सर म्हणाले विषच, म्हणून मी गप्प बसलो. माझी हयात कुत्र्या-मांजरांत गेली, बाई."

"तुमच्याकडे बर्फाची पेटी आहे?"

"आहे ना, लशी ठेवायला. का?"

"सहज." बाईंची नजर त्यांच्या टेबलावरच्या दुर्बिणीवर गेली. भारी, जुनी, कातडी पट्ट्याची. ओळखीची वाटली.

"ताईंनी दिली," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात ओझं नको म्हणाल्या आता. फार मोठ्या मनाची बाई."

फोटोवाला छापखान्यात कामाला होता. छापलेला रंग मूळ रंगाशी जुळतो की नाही, हे बघणं हेच त्याचं काम. निळ्याच्या दहा छटा डोळे मिटून सांगेन, अशी फुशारकी मारायचा. डोळे मिटून कसं सांगणार, असं त्याला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"मी फोटो काढायला गेलो तर सरांनी हटकलं," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मृतांचा मान राखा म्हणे! तेवढ्यात डॉक्टरांनी पिशवीत कोंबलेसुद्धा. नीट बघायलाही मिळालं नाही कुणाला."

"काल याच झुडपात काय दिसलं होतं?"

त्याने कॅमेरा पुढे केला. पडद्यावर एक चिमुकला पक्षी छाती काढून उभा होता. गळ्यावर झगझगीत निळा पट्टा आणि मधे तांबडा ठिपका. "निळागळा," तो म्हणाला. "सरांनी लांबून बघून सांगितलं ना, त्या सातांत चार निळेगळेच आहेत."

बाईंनी रुमाल सोडला आणि आतला पक्षी कॅमेऱ्याशेजारी ठेवला. "हाही तोच?"

"जात तीच. शेपटी बघा ना, बुडाशी तांबूस." फोटोवाला खाली वाकला. मग आणखी वाकला.

मेलेल्या पक्ष्याचा गळा मळका पांढरा होता. कडेला काळपट रेघा, आणि निळ्याचा नुसता डाग.

"मग याचा रंग गेला कुठे?" बाईंनी विचारलं. निळ्याच्या दहा छटा सांगणारा कॅमेऱ्यातला गळा आणि रुमालातला गळा आळीपाळीने बघत राहिला.

४

सरांनी पक्षी आपल्या घरच्या खिडकीपाशी नेला, पंख उलगडला, चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला. सकाळी ओरडणारा माणूस आता खुर्चीत हळूच बसला.

"हा वसंतातला पक्षी नाही," ते म्हणाले. "पिल्लू आहे. शरदात, पहिल्यांदाच दक्षिणेकडे निघालेलं. वसंतात परततात तेव्हा अशा नरांचा गळा रंगलेला असतो. अर्धवट का होईना, पण रंगलेला. असा पक्षी या दिवसांत असूच शकत नाही."

"म्हणजे मेला कधी?"

"मागच्या शरदात."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या धंद्यात ही युक्ती फार जुनी होती. व्यापारी नवा माल आधीच गुपचूप हलवायचा, गेल्या मोसमाचा न खपलेला माल गोदामात भरायचा, आग लावायचा आणि नव्याची भरपाई मागायचा. बाई अशा वेळी जळक्या चिंध्या उचलून बघत. हिवाळ्याच्या तोंडावर गोदाम जळालं आणि चिंध्या उन्हाळी कापडाच्या निघाल्या, की समजून घ्यायचं. इथेही कुणीतरी शिळा माल आणून टाकला होता. बर्फात ठेवलेला. म्हणूनच पानं ओली होती. बर्फ वितळून पाणी झालं होतं.

"शरदातले मेलेले पक्षी कुणाकडे असतील, सर?"

सरांचा चेहरा पडला. बागेला लागून काचेचं एक सभागृह होतं. शरदातल्या धुक्याच्या सकाळी पक्षी त्या काचांवर आपटून मरत. ते वेचून सर कॉलेजच्या संग्रहालयात देत. "वेचायला आम्ही तिघंच. मी, फोटोवाला आणि ताई. ती दोघं मला आणून देत. सगळे देत की काही ठेवून घेत, ते मी कसं सांगू?" मग ते एकदम ताठ बसले. "तुमचा माझ्यावर संशय आहे?"

"तुम्ही सकाळी पक्षी हातात का घेतले नाहीत?"

"संताप आला होता," सर खाली मान घालून म्हणाले. "आधी ओरडलो. बघायचं राहूनच गेलं."

बाईंना हे खरं वाटलं. साप म्हणून भुई धोपटणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

घराकडे चालता चालता त्यांनी एकेकाला मनाशी उभं केलं. माळी? स्वतःच्या गळ्यात स्वतः फास कोण घालतो? डॉक्टर? बर्फाची पेटी होती, पण मागच्या शरदात ते मंडळातच नव्हते. उरले तिघं. सरांनी टाकायचेच ठरवले असते, तर शरदातली पिल्लं कधीच टाकली नसती. पिसांवर व्याख्यानं देण्यात त्यांचा जन्म गेला होता. फोटोवाल्याचं पोटच रंगावर. मळका गळा त्याला पहिल्या नजरेत खटकला असता. आणि वन्सं? वन्सं तर या दोघांच्या गुरू.

म्हणजे या तिघांपैकी एकालाही ही चूक करता येण्यासारखी नव्हती. आणि चूक तर झाली होती.

पक्षी ओळखता येतो, पण रंग कळत नाही, असं माणूस कुठे असतं?

बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. चहाच्या कपातलं बोट त्यांना आठवलं. देऊन टाकलेली दुर्बीण आठवली. दुसऱ्याच्या आधी नाव सांगणारे ते कान, आणि कधीच वर न बघणारे डोळे आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंना घरी जाऊच नये असं वाटलं.

५

वन्सं नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. बाईंनी रुमालातला पक्षी काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"कोण आहे हा, वन्सं?"

वन्संची बोटं पक्ष्यावरून फिरली. चोच, पाय, शेपटी. "निळागळा," त्या लगेच म्हणाल्या. "सकाळचाच ना?"

"हो. सर म्हणतात, रंगाबद्दल दोन ओळी तरी लिहा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"लिही. नर आहे. गळा निळाजर्द, मधे तांबडा ठिपका. ऐन भरातला पक्षी, घरी निघालेला." वन्संचा आवाज भरून आला. "लिही, की हा घरी निघाला होता."

बाईंनी काहीच लिहिलं नाही.

"याचा गळा निळा नाहीये, वन्सं."

वन्संची बोटं जागच्या जागी थांबली.

"मळका पांढरा आहे. पिल्लू आहे मागच्या शरदातलं. काचेवर आपटून मेलेलं. तुमच्या फ्रिजमध्ये होतं." बाई त्यांच्यासमोर बसल्या. "कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

वन्संनी पक्षी अलगद मांडीवर ठेवला.

"मधलं सगळं गेलंय," त्या म्हणाल्या. "कडेकडेने थोडं दिसतं. भिंत कळते, माणूस कळतं, तोंड कळत नाही. तुझं तोंड मी शेवटचं कधी बघितलं, तेही आठवत नाही."

"मला सांगायचं नाही? मी काय परकी होते?" बाई जवळजवळ ओरडल्या. पक्ष्यांपेक्षा, माळ्यापेक्षाही हेच त्यांना जास्त लागलं होतं.

"तुला सांगितलं असतं तर चार दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. तुला खोटं कुठे बोलता येतं? साहेब काय म्हणाला असता? म्हातारीला दिसत नाही म्हणून पक्षी कमी झाले म्हणते! अगं, मला दिसत नाही म्हणूनच तर कळतंय. पूर्वी वसंतात पहाटे त्या तळ्यावर आवाजात आवाज मिसळायचे, वेगळे काढता यायचे नाहीत. आता एकेकटे मोजता येतात. किडे नाहीत, खाणं नाही, म्हणून थांबत नाहीत. तसेच उपाशी पुढे जातात, आणि पुढे कुठेतरी समुद्रावर पडतात. तो म्हणतो, मेलेला दाखवा. उपाशी मेलेला पक्षी मी कुठून आणून दाखवू?"

"म्हणून दुसरे आणलेत."

"म्हणून दुसरे आणले. शरदात वेचलेले काही ठेवून घेतले होते. नुसते हातात धरायला. दिसत नाहीत, तर निदान हाताला तरी लागावेत म्हणून. रंग मनातच धरून बसले होते मी. शरदातला पक्षी वसंतात चालणार नाही, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि वेळेला मलाच सुचलं नाही."

"आणि माझी सही?"

"तुझ्या सहीवर सगळे विश्वास ठेवतात," वन्सं म्हणाल्या.

बाईंना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. "जन्मभर एकच पाहत आले," त्या म्हणाल्या. "आग लावतो मालक, आणि पहिली नोकरी जाते ती राखणदाराची. माळ्याचा विचार नाही आला मनात?"

"दोष साहेबाला लागेल वाटलं. आदेश त्याचा."

"साहेबांना दोष लागतो कधी?"

वन्संनी मान खाली घातली. "तू काय करणार आहेस?"

"उद्या बैठक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगेन."

"सख्खी असतीस तर नसतं सांगितलंस."

"सख्खी असते तरी सांगितलं असतं, वन्सं. जिना चढताना तेवढी जास्त रडले असते."

६

वन्संनी सांगितलं. बैठकीच्या लांब टेबलाशी उभं राहून, एक शब्दही न लपवता. माळी भिंतीला टेकून ऐकत होता. ऐकता ऐकता तो खाली बसला.

सगळं सांगून झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "पक्षी मी टाकले, ते खोटं. पण पक्षी कमी झालेत, ते खरं आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत मंडळाकडे."

पहिला बोलला फोटोवाला. "पण ताई, तुम्हाला दिसतच नव्हतं तर त्या नोंदी कसल्या? ऐकीव?"

सर खिडकीबाहेर बघत होते. वन्संबरोबर ते किती वसंत हिंडले होते, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल. "मंडळाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "ताईंच्या नोंदी काढून टाकाव्या लागतील. सगळ्याच. कधीपासून दिसेनासं झालं, ते आता कोण ठरवणार? आणि ताई, तुम्ही यापुढे मंडळात... म्हणजे काही दिवस तरी..." पुढचं वाक्य त्यांनी घशातच ठेवलं. जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला कुठे गप्प बसावं तेवढं बरोबर कळलं.

साहेब मात्र खुलले होते. "म्हणजे आमच्या औषधाने एकही पक्षी मेलेला नाही," ते म्हणाले. "आणि हे तुमच्या मंडळानेच शोधून काढलं! बाई, मला हे लेखी द्या. माळी राहील. त्याची काही चूक नाही, मी आधीपासून म्हणतच होतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राखेतून वर आलेली माणसं त्यांना नवीन नव्हती. पण इतकी स्वच्छ इस्त्री राखून कुणी वर आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"फवारणीने पक्षी उपाशी राहतात, तेही लिहिते," त्या म्हणाल्या.

"त्याचा पुरावा?"

पुरावा नव्हता. असलेला आत्ताच काढून टाकला होता, सर्वानुमते. बाईंनी कागद ओढला आणि जेवढं सिद्ध करता येत होतं तेवढंच लिहिलं: सात पक्षी मागच्या शरदात काचेवर आपटून मेलेले होते, फवारणीचा त्यांच्या मरणाशी संबंध नाही. खाली सही केली. अक्षरन् अक्षर खरं होतं. असला घाणेरडा कागद त्यांनी जन्मात लिहिला नव्हता.

वन्संना हात धरून त्यांनी जिना उतरवला. तो हात वन्संनी झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

७

त्यानंतर दोघी मंडळाची माणसं गेल्यावरच बागेत जात. तळ्याकाठच्या बाकावर बसत. वन्सं ऐकत, बाई शेजारी बसून असत. दोघींत बोलणं जेवढ्यास तेवढं, म्हणजे जवळपास नाहीच. पण वाट चालायला वन्संना आता कुणीतरी लागत होतं, आणि ते लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

एका सकाळी माळी समोर येऊन उभा राहिला. पाठीवर फवारणीचा पंप होता. बराच वेळ त्याने पाय बदलले.

"ताई, रागावू नका, एक विचारू?" तो म्हणाला.

"मी कुठल्या तोंडाने तुझ्यावर रागावणार, बाबा?" वन्सं म्हणाल्या. "तुझं घर उठवायला निघाले होते मी."

"ते जाऊ दे. घर राहिलं." त्याने पंपाचा पट्टा वर ओढला. "पक्ष्यांतलं मला काही कळत नाही. पण हे औषध नको होतं तुम्हाला, तर मला एकदा म्हणाला का नाहीत?"

"तुला म्हणून काय झालं असतं?"

"टाकीत नुसतं पाणी भरलं असतं मी," माळी म्हणाला. "कुणाला कळणार होतं? टाकी मीच भरायचो, मीच मारायचो. साहेब कधी बघायला येत होते? किडे, मच्छर, काय वाढायचं ते वाढलं असतं. तुम्ही रोज सकाळी माझ्याशी बोलायचात, बाळ कसं आहे विचारायचात. एवढं एक म्हणाला असतात तर..."

वन्संनी तोंड तळ्याकडे वळवलं.

"मग आता भर की," बाई पुढे झुकून म्हणाल्या. "अजून काय गेलंय? आजपासून पाणी भर."

माळ्याने मान हलवली. "आता नाही जमत, बाई. तुमच्या त्या कागदानंतर साहेब म्हणाले, पुन्हा कुणी बोट दाखवायला नको. औषध आता कचेरीत त्यांच्यासमोर कालवतात. टाकीला झाकण लावून कुलूप घालतात, मग माझ्या पाठीवर देतात."

बाईंनी वळून वन्संकडे पाहिलं. वन्संचं तोंड अजून तळ्याकडेच होतं. झुडपात कुणीतरी बारीक आवाजात एकदा बोललं आणि थांबलं. या वेळी वन्संनी नाव सांगितलं नाही.

माळी अजून तिथेच उभा होता. शेवटी त्याने नळी हातात घेतली.

"ताई, उठता का जरा?" तो म्हणाला. "आज हीच बाजू मारायची आहे. अंगावर उडेल."

वन्सं उठल्या. त्यांनी हवेत हात पुढे केला, आणि बाईंनी तो धरला. दोघी फाटकाच्या दिशेने चालू लागल्या, आणि मागे पंप सुरू झाला.